साकवावरून काढलेला व्हिडिओ

ही गोष्ट मी तोंडी सांगायला लागलो की दोन वाक्यांत माझीच बाजू घ्यायला लागतो. आजवर चार जणांना सांगितली आणि चारही वेळा थोडा थोडा सुटलो. म्हणून आता लिहितो आहे. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, हात हळू चालतो. एक ओळ लिहून होईपर्यंत ती खरी आहे का ते बघायला वेळ मिळतो.

आमचं गाव पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीकाठी. सगळी उमर मिठागरात गेली. लेक दिली रोह्याला, म्हणजे कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमीत. जावई कंपनीत, त्याची शिफ्ट बदलती. लेक अंगणवाडीत लागली तेव्हा नातीला संध्याकाळी मैदानावरून घरी आणायला कोणी राहिलं नाही. लेकीचा फोन आला, "बाबा, चार महिने येऊन राहा." नात सातवीत होती आणि कबड्डी खेळायला लागली होती. ते ऐकलं आणि मी पिशवी भरली.

कबड्डीवर मी कोणाचं ऐकत नाही. तरुणपणी मिठागरातलं काम उरकलं की आम्ही तिथल्याच कडक जमिनीवर खेळायचो. पडलं की गुडघ्याची साल जायची आणि वर खारं पाणी लागायचं. डावा कोपरा माझा. पेणपासून गडबपर्यंतचे चढाई करणारे माझ्या बाजूला यायच्या आधी विचार करायचे. हे मी आजही सांगतो, त्यात खोटं नाही. खोटं पुढे येणार आहे.

अष्टमीतलं मैदान गावाचं आहे, शाळेच्या मागे. त्याला कमरेएवढा दगडी बांध. बांधापलीकडे रस्ता आणि रस्त्याच्या कडेने ओढा, त्यावर एक साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल. पोरींना शिकवणारी बाई तिशीतली, स्वतः जिल्ह्याकडून खेळलेली. पोरी तिला ताई म्हणायच्या. गुण मांडायच्या फळ्यावर तिने वरच खडूने लिहून ठेवलं होतं, 'मैदानाजवळ फोन काढू नये.' पहिल्या दिवशी मी ते मोठ्याने वाचलं, मला वाचता येतं हे कळावं म्हणून. मग बांधावर बसलो.

बारा पोरी होत्या. त्यांत एक आठवीतली, काटकुळी, सावळी, वेणी घट्ट बांधलेली. ती चढाईला निघाली की बाकीच्या पोरी पाणी पिता पिता थांबायच्या. मी माझ्या नातीला बघायला गेलो होतो, पण आठवड्याभरात मी त्या पोरीलाच बघायला लागलो. आणि एका संध्याकाळी मला तिची खोड दिसली. पाय मारायचा असेल तर त्याच्या क्षणभर आधी तिच्या डाव्या हाताची मूठ मिटायची. हाताने शिवायचं असेल तर हात उघडा राहायचा. दरवेळी. तिला स्वतःला हे माहीत नव्हतं. ताईला दिसलं नव्हतं. मला दिसलं. त्या रात्री मी जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आमच्या गावच्या उत्सवात मुलींचे सामने असतात आणि त्या वर्षी अष्टमीचा संघ येणार होता. ते सामने भरवणाऱ्या मंडळाच्या प्रमुखाला मी फोन लावला. तो माझ्या पोरापेक्षा लहान.

"त्या रोह्याच्या पोरीची खोड सापडली मला," मी म्हणालो.

"आबा, तुम्ही नातीला आणायला गेलाय का हेरगिरीला?"

"तिची मूठ बघायची. मूठ मिटली की पाय येतो."

"मूठ." मग त्याने फोन बाजूला करून कोणालातरी सांगितलं, "आबा म्हणतात मूठ बघा." तिकडे दोघे हसले. मला म्हणाला, "आबा, गोळ्या वेळेवर घेताय ना?"

मी फोन ठेवला. माझ्या तोंडावर कोणी हसलं की मला रात्रभर झोप लागत नाही, लहानपणापासून तसंच आहे. सांगून पटत नसेल तर दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी बांधावर बसून मी फोन काढला. पोराने दिलेला फोन, व्हिडिओ काढता येण्याइतका मला जमत होता. दोन चढाया झाल्या असतील, ताई खेळ थांबवून माझ्याकडे आली.

"काका, फोन ठेवा."

"माझी नात खेळते हाय."

"नातीचा घरी जाऊन काढा. इथं आणखी अकरा पोरी हायत."

"मैदान गावाचं हाय. बांधावर बसून कोणीपण बघतो. तो म्हशीवाला रोज उभा राहून बघतो, त्याला नाय बोललात."

"बघू दे की त्याला. बघून तो घरी जातो."

"मग मी पण घरीच जाणार."

"तुम्ही जाल. फोनातलं कुठं जाईल ते तुमच्या हातात नाय, माझ्या पण नाय."

पोरी पाठीमागे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. माझी नात खाली बघत होती. मी म्हणालो, "मैदान तुमच्या बापाचं हाय काय?"

ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती बांधाला टेकली आणि हळू आवाजात बोलली, बहुतेक मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून. "काका, सामन्याला ह्या ठरवून लोकांसमोर येतात. पूर्ण कपड्यांत, केस बांधून, आईबापांना घेऊन. तेव्हा काढा हवा तेवढा व्हिडिओ. इथं त्या चुकायला येतात. पडतात, हरतात, एकमेकींवर रुसतात. मी एकेकीच्या घरी जाऊन शब्द दिलाय की इथलं इथंच राहील. त्या शब्दावर मला बारा पोरी मिळाल्यात."

आता लिहिताना मला ते बोलणं सरळ दिसतं. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की लेकीच्या वयाची एक बाई मला नातीदेखत नियम सांगते आहे. मी फोन खिशात घातला आणि परत येताना नातीशी एक शब्द बोललो नाही, जसं काही चूक तिनेच केली होती.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर बसलो नाही. साकवाच्या कठड्यावर जाऊन बसलो. तिथून मैदान थोडं लांब, पण फोनात दोन बोटांनी जवळ आणता येतं. रस्ता तर ताईच्या हातात नव्हता. रस्त्यावर बसायला मला कोणाला विचारायचं नव्हतं, हे मी मनाशी पुनःपुन्हा म्हणत होतो, आणि जो माणूस एकच गोष्ट मनाशी पुनःपुन्हा म्हणतो त्याला ती पटलेली नसते. चार संध्याकाळी मी तिथून व्हिडिओ काढला. दुसऱ्या संध्याकाळी नातीने मान वळवून साकवाकडे बघितलं. मग खेळायला वळली.

तिसऱ्या संध्याकाळी त्या पोरीचा दिवस वाईट होता. पाच चढाया, पाचही वेळा पकडली गेली. शेवटच्या वेळी ताईने सगळ्यांसमोर तिला झापलं. पोर मधल्या रेषेवर बसली आणि रडायला लागली. मोठ्या मुली लपवून रडतात तसं नाही. अगदी लहान पोरासारखी, तोंड उघडं टाकून, हुंदके देऊन. ताई तिच्याजवळ गेली, खाली बसली आणि आपल्या ओढणीने पोरीचं नाक पुसलं. मी तेव्हा फोन बंद करायला पाहिजे होता. केला नाही. पुढची चढाई टिपायची राहून जाईल असं वाटलं.

मला व्हिडिओ कापता येत नाही. म्हणून चारही दिवसांचं सगळंच्या सगळं मी प्रमुखाला पाठवलं. तासाभराने त्याचा फोन आला. "आबा, मानलं तुम्हाला. मूठच." तेव्हा मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. मला फार बरं वाटलं. मग तेच सगळं मी स्वतःच्या हाताने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, बाकीच्यांनाही कळावं म्हणून. खाली अंगठे आले, हात जोडलेले आले. एकाने लिहिलं, 'आमच्या आबांची नजर.' मी ते लेकीला वाचून दाखवणार होतो, मग नको म्हटलं. का नको म्हटलं ते मला माहीत होतं.

पंधरा-वीस दिवस गेले. एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो आणि ताई दारात आली. लेकीने पाट दिला, तिने घेतला नाही. उभ्यानेच तिने फोन पुढे केला.

अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ होता. ती पोर रेषेवर बसून रडते, तेवढंच कापून घेतलेलं, आणि तेच परत परत. वर एक उडतं गाणं लावलेलं. खाली अक्षरं होती, 'रोह्याची वाघीण'. हसणारी तोंडं होती, ओळीने. ताई म्हणाली की रोह्यात हे सगळ्यांच्या फोनात आहे. शाळेतली पोरं त्या पोरीला वाघीण म्हणून हाक मारतात आणि हुंदक्यांची नक्कल करतात. आठ दिवस ती मैदानावर आली नाही.

मग तिने मला विचारलं, "काका, हे तुमच्या फोनातलं हाय का?"

व्हिडिओच्या खालच्या कडेला साकवाच्या कठड्याची सिमेंटची पट्टी दिसत होती. मी ती पाहिली आणि मला वाटलं तिनेही पाहिली असेल.

"नाय," मी म्हणालो. "रस्त्यावरून काय कमी माणसं जातात?"

ती "बरं" म्हणाली आणि गेली. नात ताटातल्या भातात बोट फिरवत बसली होती. तिने मला साकवावर बसलेलं बघितलं होतं आणि मी खोटं बोललो हे त्या घरात एकट्या तिला कळलं होतं. तिने एक शब्द बोलून मला पकडलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चप्पल घालून उभा राहिलो तर ती कपडे बदलून खाटेवर बसलेली.

"चल गो, उशीर होईल."

"मी नाय जात."

"का?"

"सगळ्या बोलतात व्हिडिओ पेणकडून आलाय, मीच दिला. बोलतात तुझं आजोळ तिकडचं, तुझा आजा तिकडचा, तूच दिला असशील." एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून पडली.

आता इथे माझी सगळ्यात मोठी लाज आहे. व्हिडिओ काढला ती नाही, खोटं बोललो तीही नाही. बारा वर्षांची पोर माझ्या नावाचा दोष घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि तिला एका वाक्याने सोडवणं माझ्या हातात होतं. मी चप्पल काढली, फोन घेतला आणि ग्रुपवरून व्हिडिओ कसा काढायचा ते शोधत बसलो. दोन दिवस तसाच बसलो. तिसऱ्या दिवशी लेक सुपात तांदूळ निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुम्हीच काढलात ना?"

"व्हय," मी म्हणालो.

ती तांदूळ निवडत राहिली. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "मग तिला का बोलणी खाऊ दिलीत?"



त्याच संध्याकाळी नातीला हाताला धरून मी मैदानावर गेलो. ती येत नव्हती, मी ओढतच नेली, तेही बरोबर केलं की नाही मला माहीत नाही. खेळ थांबवायला सांगितला. अकरा पोरींसमोर नाही, दहा होत्या, ती नव्हती आणि माझी नात माझ्या मागे होती. मी म्हणालो, "तो व्हिडिओ मी काढला. साकवावर बसून काढला. हिने नाय दिला, हिला बोलू नका." एवढंच बोलता आलं. एक पोर दुसरीला म्हणाली, "आजोबा, रडतानाचा पण?" मी म्हटलं, "व्हय, तो पण." कोणी हसलं नाही.

ताई म्हणाली, "आता हे तिच्या घरी जाऊन बोला." नातीला तिने खेळायला घेतलं. माझ्याकडे परत बघितलं नाही.

त्या पोरीचं घर एका बैठ्या चाळीत, शेवटचं. बाप कंपनीतून नुकताच आला होता, पायात अजून कंपनीचे बूट. ओटीवर वालाच्या शेंगांचा ढीग आणि बापलेक दोघं सोलत बसलेले. मला बघून पोर उठून आत गेली. मी कोण आणि का आलो ते सांगितलं. मला वाटलं होतं तो अंगावर येईल. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. चार शिव्या खाऊन मोकळं होता आलं असतं.

त्याने शेंगा सोलणं थांबवलं नाही. म्हणाला, "तुम्हाला सांगू का मला कसं कळलं? कॅन्टीनमध्ये. जेवायच्या सुट्टीत. शेजारच्याने फोन पुढे केला, म्हणाला, बघ ही तुमच्या रोह्याची वाघीण. त्याला काय माहीत ती माझी हाय."

"मग?" मी विचारलं.

"मग सगळे हसत होते. मी पण हसलो." त्याने शेंगेतून दाणे काढले, टोपलीत टाकले. "नाय हसलो असतो तर विचारलं असतं. सांगावं लागलं असतं. म्हणून हसलो. घरी आलो तर ही जेवली नव्हती. तिच्यासमोर बसून मला जेवता आलं नाय. पोरीवर हसून आलेला माणूस मी."

मी हात जोडले. त्याने जोडलेल्या हातांकडे बघितलं नाही.

तेवढ्यात ती पोर दारात आली. चौकटीला धरून उभी राहिली. मैदानावर ती मला मोठी वाटायची, घरात अगदी बारीक दिसत होती. तिने विचारलं, "कशाला काढला तुम्ही?"

मी तिला मुठीचं सांगितलं. पाय मारायच्या आधी डावी मूठ मिटते, आमच्या गावच्या पोरींना ते दाखवायचं होतं, म्हणून. मी जसं घडलं तसं सांगितलं, वाढवलं नाही, कमी केलं नाही. तिने आपला डावा हात वर करून बघितला. बोटं मिटली, उघडली.

"हे मला का नाय सांगितलंत?" ती म्हणाली. "तुम्ही रोज तिथंच बसायचात."

मी खेळाडू आहे म्हणतो. डाव्या कोपऱ्यात चाळीस वर्षांपूर्वी उभा राहिलो ते अजून सांगत फिरतो. समोर एक पोर खेळत होती, चांगली खेळत होती, तिच्यात एक चूक होती आणि ती फक्त मला दिसली होती. मी ती गावाला सांगितली, मंडळाला सांगितली, ग्रुपवर टाकली. दहा पावलांवर ती पाणी प्यायला यायची, बांधाजवळच यायची. तिला सांगावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. मी तिला माणूस म्हणून बघितलंच नव्हतं. मी तिच्यात माझी नजर किती चांगली आहे ते बघत होतो.

मी म्हणालो, "चुकलं माझं. तू परत खेळायला ये. मी बसणार नाय तिथं."

ती आत गेली. बाप उठला, पहिल्यांदाच. म्हणाला, "ती यायची तेव्हा येईल, नाय तर नाय येणार. तुम्ही परत नका येऊ. माफी मागायला पण नका येऊ. तुम्ही आलात की तिला ते परत आठवतं."

नंतर जे करता आलं ते केलं. गावी गेलो, प्रमुखाच्या दारात उभा राहिलो. तो म्हणाला, "आबा, आपल्यातल्याच एकाने गंमत म्हणून केला, वाईट हेतू नव्हता." मी म्हटलं, हेतू माझा पण नव्हता. त्याने ग्रुपवरचं काढलं, ज्याने कापला होता त्याच्याकडूनही माझ्यासमोर काढून घेतलं. तो कापणारा म्हणाला, "आबा, माझ्याकडचा गेला. पुढे कोणाकोणाकडे गेलाय ते मला काय माहीत." हे मला कोणीतरी आधीच सांगितलं होतं, बांधाला टेकून, हळू आवाजात.

उत्सवात अष्टमीचा संघ आला, तिच्याशिवाय. आमच्या पोरी मूठ बघायला शिकून तयार बसल्या होत्या आणि समोर ती मूठ नव्हती. आमचं गाव जिंकलं म्हणतात. मी घरातच होतो, लाऊडस्पीकर ऐकू येत होता, म्हणून दार लावून घेतलं.

लेकीकडे मी नंतर राहिलो नाही. नात आता स्वतःची स्वतः येते-जाते. फोनवर माझ्याशी बोलते, पण आधी विचार करून बोलते. पूर्वी असं नव्हतं. मागच्या महिन्यात मी भीत भीत त्या पोरीचं विचारलं. नात म्हणाली, "नाय येत. शाळेतून घरी जाताना मैदानाच्या बाजूने पण नाय येत, नदीवरच्या मोठ्या पुलाकडून फिरून जाते." मग म्हणाली, "आबा, तू तिच्याकडे जाऊ नको हं."

मी गेलेलो नाही. तिच्या बापाने परत येऊ नका म्हटलं, ते मी पाळलं. ह्या सगळ्यात कोणाचं ऐकलं असेल तर तेवढंच.